गणपतीच्या मुकुटावर चार बोटं पाणी

"आता आपल्या हातात काही नाही" हे वाक्य मला आयुष्यात फारसं कोणी ऐकवलं नव्हतं. ऐकवायची कोणाची छातीच नव्हती. बत्तीस वर्षं मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, लाखेची मोहर, कपाटाच्या दोन किल्ल्या, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याच कमरेला. प्राचार्यसुद्धा माझ्या टेबलापाशी आले की आवाज खाली आणत. निवृत्त झाल्यावर ती शिस्त मी घरी आणली आणि घरातली माणसं, म्हणजे मुख्यतः आमचे हे, ती निमूटपणे सोसत होते. त्यामुळे त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलीची फाइल मिटत ते वाक्य सहज उच्चारलं तेव्हा मला आधी राग आला. भीती नंतर आली, घरी येताना गाडीत.

मुलगी चौतीस वर्षांची. खराडीत एका कंपनीत नोकरीला, जावईही तिथेच. तिची ही तिसरी खेप. पहिली तिसऱ्या महिन्यात गेली, दुसरी पाचव्यात. दुसऱ्या वेळी ती ऑफिसच्या बाथरूममध्ये एकटी होती. त्याबद्दल ती आमच्याशी कधी बोलली नाही आणि मी विचारलंही नाही. आता पाचवा महिना सरताना तपासणीत दिसलं की पिशवीचं तोंड वेळेआधीच उघडायला लागलंय. मग त्याला टाका घातला आणि पडून राहायला सांगितलं. "अठ्ठावीस आठवडे तरी ओलांडू द्या, मग पुढचं बोलू," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यावर ते हाताचं वाक्य.

खराडीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर तिच्याजवळ कोण असणार? म्हणून तिला धायरीला आमच्याकडे आणलं. हे गाडी चालवत होते. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक गतिरोधकाला ह्यांच्या नावाने ओरडत होते. शेवटी हे म्हणाले, "खाली उतरून गाडी उचलून पलीकडे ठेवू का?" मुलगी हसली. मी तिला हसू नकोस म्हणून दटावलं. हसल्याने पोटावर ताण येतो, असं माझं त्या वेळचं वैद्यकीय मत होतं.

त्या दिवसापासून मी बाथरूमच्या दारावर जगायला लागले. कडी लावायची नाही, हा पहिला नियम. ती आत गेली की मी बाहेर भिंतीला टेकून उभी. पाण्याचा आवाज थांबला की मी विचारायचे, "काय?" आतून यायचं, "काही नाही." या दोन शब्दांवर माझे पुढचे दोन-तीन तास निघत. मग ती पुन्हा उठायची आणि मी पुन्हा दाराशी. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकत होते. जिन्यात कोणी मोठ्याने बोललं तर मी दार उघडून त्यांना गप्प करून यायचे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला पाहिलं की जिना सोडून लिफ्ट घ्यायला सुरुवात केली, असं हे सांगत.

चोविसाव्या आठवड्यात एका सकाळी आतून "काही नाही" आलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "आई, डाग आहे."

आम्ही तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं. बाळाचे ठोके चांगले होते, टाका जागेवर होता, डाग आपोआप थांबला होता. का लागला? सांगता येत नाही. पुन्हा लागेल का? तेही सांगता येत नाही. करायचं काय? वाट बघायची. मी त्या बाईंकडे अशी बघत राहिले की त्यांनी मला पाणी विचारलं.

घरी आल्यावर मुलगी औषधाने झोपली. मी स्वयंपाकघरात गेले, माळ्यावरचं तांब्याचं छोटं घंगाळ काढलं, घासलं, भरलं. देवघर आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच आहे. एकेक करून सगळे देव उचलले आणि पाण्यात ठेवले. गणपती, शंकराची पिंड, देवीचा टाक, आणि माझ्या लग्नात माहेरहून आलेली अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण. आणि मोठ्याने म्हटलं, "बाळ सुखरूप हातात आल्याशिवाय बाहेर काढणार नाही."

हे दारात उभे होते. म्हणाले, "अटक केलीस? जामीन तरी मिळणार आहे का?"

देव पाण्यात ठेवायची पद्धत ह्यांच्याच घरची. हे लहान असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते तेव्हा सासूबाईंनी एकवीस दिवस देव पाण्यात ठेवले होते. हे वाचले. तेव्हा या विषयात तरी ह्यांना बोलायला तोंड नाही, असं मी त्यांना ऐकवलं. हे पेपरातलं शब्दकोडं घेऊन बाल्कनीत गेले. पेन मात्र आत टेबलावरच राहिलं होतं.

दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. काहीतरी केलं होतं. वरच्या दरबारात अर्ज दाखल झाला होता, त्यावर माझी मोहर होती. तिसऱ्या दिवशी घंगाळाकडे नजर गेली आणि लक्षात आलं की पाणी थोडं कमी झालंय. उन्हाळा होता. गणपती आमच्या देवांत सगळ्यांत उंच. त्याच्या मुकुटाचं टोक पाण्याबाहेर आलं तर? देव बाहेर आला असंच ना? मग नवस मोडला. मी धावत तांब्या भरून आणला आणि ओतला. मुकुटावर चार बोटं पाणी राहिलंच पाहिजे, असं ठरवलं. सकाळी बघायचं, दुपारी बघायचं, संध्याकाळी दिवेलागणीला बघायचं. बोटं बुडवून मोजायचं.

काही दिवसांनी पाण्याला वास यायला लागला. बदलायचं तर देव उघडे पडणार. मग एक वाटी पाणी काढायचं, एक वाटी घालायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घालायचं. अर्धा तास जायचा. पितळेच्या मूर्ती काळवंडायला लागल्या. बाळकृष्ण गुडघ्यावर रांगत, मान वर करून, पाण्यातून वर बघत असायचा. ते मला बघवेना, म्हणून मी घंगाळावर स्टीलचं ताट झाकलं. मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला पलंगावरून स्वयंपाकघरात यायची परवानगीच नव्हती.

भीती कमी झाली असेल असं कोणाला वाटेल. ती दुप्पट झाली. आधी मी फक्त बाथरूमच्या दाराला कान लावून असायचे. आता एक कान तिकडे आणि एक डोळा घंगाळाकडे. बाजारातून येताना मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत यायचे. एकदा घरकामाच्या बाईंचा देवघरापाशी केर काढताना घंगाळाला धक्का लागला आणि पाणी हिंदकळून खाली सांडलं, तर मी त्यांच्यावर इतकी कडाडले की त्यांनी केरसुणी तिथेच टाकली. "आवो बाई, पाणीच हाय त्ये," त्या म्हणाल्या. मला त्यांची माफी मागायला दोन दिवस लागले.

अठ्ठावीस आठवडे झाले. मग एकोणतीस. डॉक्टर आता थोडं हसून बोलायला लागल्या होत्या. घरातल्या घरात चार पावलं टाकायला हरकत नाही म्हणाल्या. मला ते मुळीच पसंत नव्हतं.

तिसावा आठवडा संपत आला होता. रविवारची सकाळ. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले होते आणि हे खाली दूध आणायला. मी परत आले तर पलंग रिकामा. बाथरूमचं दार उघडं, आत कोणी नाही. स्वयंपाकघरात ती जमिनीवर बसली होती, पाय पसरून, एवढं पोट घेऊन. स्टीलचं ताट बाजूला ठेवलेलं होतं.

"आधी उठ. खाली बसायचं नाही सांगितलंय ना?"

"कधीपासून, आई?"

"झाले सहा आठवडे."

"बाळकृष्णसुद्धा?"

"सगळेच."

ती घंगाळात बघत राहिली. म्हणाली, "त्याला बाहेर काढ."

"अगं, मूर्ती आहे ती. तिला काय होतंय?"

"मूर्तीच आहे तर पाण्यात कशाला ठेवलीस?"

मी तिचा दंड धरून तिला उठवायला लागले. ती उठेना. तिचे डोळे भरून आले होते. "मला किती भीती वाटते तुला माहीत आहे? आत काही हललं तर भीती, नाही हललं तर भीती. दिवसभर मी त्याच्याशी बोलत असते पलंगावरून. मला वाटायचं तो इथे आहे, तू रोज त्याला आंघोळ घालतेस, फूल वाहतेस, तो ऐकतोय. आणि तू त्याला बुडवून वर ताट झाकलंस."

"तुझ्याचसाठी केलं."

"देवाला धाक घालून आणलेलं बाळ मला नकोय, आई."

तेवढ्यात हे दूध घेऊन आले. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिला हात देऊन उठवलं.

तिचं "तो ऐकतोय" माझ्या डोक्यातून जाईना. सहा आठवड्यांत मी एकदाही हात जोडले नव्हते. पूजाच बंद होती, देव पाण्यात होते. आणि पाण्यातल्या देवाला नमस्कार करायचं मला सुचलंही नाही. मी फक्त पाणी बघत होते. मोठ्या भक्तीने मी देवावर पहारा ठेवला होता.

पण म्हणून देव बाहेर काढायचे? मी मोठ्याने बोलले होते. शब्द दिला होता, आणि शब्द घेतलाही होता असं मला वाटत होतं. बाहेर काढले आणि काही झालं तर ते मी केलेलं असेल. माझ्या या दोन हातांनी. डॉक्टर म्हणाल्या होत्या आपल्या हातात काही नाही, आणि मी खटपट करून ते पुन्हा आपल्या हातात आणून ठेवलं होतं.

मी आमच्या गुरुजींना फोन लावला. मला कोणीतरी नियम सांगायला हवा होता, शक्यतो लेखी.

"शास्त्रात काय सांगितलंय, म्हणता?" गुरुजी म्हणाले. "वहिनी, शास्त्रात देवाला कोंडायची सोय नाही. हे तुमचं घरगुती. ठेवले कोणी?"

"मी."

"मग काढायला मी कशाला येऊ?"

"पण मधेच काढले तर काही दोष?"

गुरुजी नेहमीचा तिरकस सूर सोडून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला हमी हवी आहे. ती माझ्याकडे असती तर मी पहिली माझ्या घरी वापरली असती." मला एकदम आठवलं, त्यांचा तरणा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मी फोन ठेवला. मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी सकाळी आंघोळ करून मी घंगाळासमोर बसले. पहिल्यांदा गणपती निसटून पुन्हा पाण्यात पडला. म्हटलं, "अट मागे घेते. बाळ हवं आहे, ते मागे घेत नाही. पण तुम्ही काय कराल ते करा. मला काही कळत नाही." एवढं बोलून एकेकाला बाहेर काढलं. चिंच-मीठ लावून घासलं. बाळकृष्णाच्या गुडघ्याच्या खाचेतलं हिरवं निघता निघेना. तो मुलीने मागून घेतला आणि पलंगावर आडवी होऊन मऊ फडक्याने तासभर पुसत बसली.

एकदा देवावर भार टाकला की मन हलकं होतं, असं प्रवचनात सांगतात. असेल. माझं झालं नाही. मी रोज हात जोडायला लागले, आणि जोडलेले हात थरथरत. एवढाच फरक.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, ती पलंगावरून म्हणाली, "आई, पाणी गेलं."

गादी भिजली होती. मी त्या ओल्या चादरीकडे बघत उभी राहिले आणि डोक्यात एकच होतं: मी काढले. मी काढले म्हणून. ह्यांनी गाडी काढली. सिंहगड रस्त्यावर नेहमीसारख्या रांगा. ह्यांनी आयुष्यात कधी वाजवला नसेल एवढा हॉर्न वाजवला. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. या वेळी एकाही गतिरोधकाला मी ओरडले नाही. तिने वर माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. म्हणाली, "आई, तसं काही मनात आणू नकोस." तिला कळा येत होत्या आणि ती मला समजावत होती.

बाळ आडवं होतं, म्हणून पोट उघडून काढावं लागलं. मुलगी झाली. दीड किलोही नव्हती. रडली म्हणतात, मला ऐकू आलं नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकाला नळी. माझ्या मुलीचं ब्लड प्रेशर चढलं, तिला दुसऱ्या मजल्यावर वेगळं ठेवलं. जावई खराडीहून ऑफिसची बॅग पाठीवर घेऊन आले होते, ती बॅग त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत उतरवली नव्हती. बाळाच्या फुफ्फुसांचं तीन-चार दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. या वेळी मला राग आला नाही. माझ्यात तेवढं त्राणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ह्यांना घरी पाठवलं. दोन दिवस देवघरात दिवा नव्हता, आणि मुलीचे कपडे आणायचे होते. जावई तिच्यापाशी वर होते. मी खाली बाकावर एकटी होते. समोर जाड दार, त्यातल्या छोट्या काचेतून फक्त निळसर उजेड दिसायचा. मोबाइल वाजला. हेच होते.

मी विचारलं, "काय हो, किल्ली सापडली नाही का?"

"सापडली." मग अगदी हळू, मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता, "मी घंगाळ भरलंय. देव परत ठेवू का पाण्यात?"

अटक आणि जामीन म्हणणारा हा माणूस. शिंक आली तरी त्यावर टोमणा मारणारा. मला डोळ्यांसमोर दिसलं, रिकाम्या घरात एकटे, भरलेलं घंगाळ समोर घेऊन उभे. आणि माझ्या जिभेवर "ठेवा" आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढंच हाताशी होतं आमच्या.

"नको," मी म्हटलं.

"आणि काही झालं तर?"

"माहीत नाही." मग मी म्हटलं, "दिवा लावा, हात जोडा, आणि इकडे या. मला एकटीला भीती वाटतेय."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "मलाही." आणि आले. हाताला समईच्या तेलाचा वास होता, पायात घरातल्या सपाता तशाच, आणि मुलीचे कपडे विसरले होते. मी सरकून त्यांना जागा केली. आम्ही त्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसून राहिलो.

चौथ्या दिवशी दार उघडून नर्सने विचारलं, "बाळाची आजी कोण?" मी उठले, पण दारापासून दोन हात लांबच उभी राहिले. ती म्हणाली, "घाबरू नका. आईला अजून उठता येत नाही ना? बाळाला उघड्या छातीशी ऊब द्यायची असते, घरातलं कोणीतरी हवं. हात कोपरापर्यंत धुऊन या."

खुर्चीत बसवून, वर चादर घालून, तिने बाळ माझ्या छातीवर ठेवलं. वजन असं नव्हतंच. टोपीखाली एक गाल, बोटाएवढी पाठ. मी विचारलं, किती मिनिटं, कसं धरू, श्वास कमी झाला तर काय करू, कुठे दाबू. नर्स म्हणाली, "काही करू नका, आजी. नुसत्या बसा."

तिचा श्वास मला माझ्या कातडीवर लागत होता. तीन-चार भरभर यायचे, मग एक यायचाच नाही. त्या एका खंडात माझा जीव जाऊन परत यायचा. मी यंत्राकडे बघायचे, नर्सकडे बघायचे, आणि मग पुन्हा ते इवलं पोट हलायचं. दाराच्या काचेतून ह्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय? मी मान डोलावली. आत्ताचा श्वास आला होता. पुढचा येईल का मला माहीत नव्हतं, आणि मी डोळे मिटून तिला छातीवर घेऊन बसून राहिले.